खुणेची पानं

गहिनीनाथ संक्रांतीला कर्जतला आला तो बगलेत पुठ्ठ्याची पेटी घेऊन. आल्या आल्या त्यानं घरात सगळ्यांना बजावलं, हिला कुणी हात लावायचा नाही. असं बजावल्यावर आपल्याकडे काय होतं, हे सत्तावीस वर्षांच्या शास्त्रज्ञाला कळायला हवं होतं.

पेटीत भोकं पाडलेली सहाशे कार्डं होती. मुंबईच्या संस्थेतल्या खोलीएवढ्या गणकयंत्राला ती ओळीनं भरवली, की सूर्याकडून सुटलेल्या विजेच्या कणांचा वारा कसा वाहतो, ते यंत्र गणित करून दाखवायचं. या वाऱ्यात गहिनीनाथला एक लाट सापडली होती. कुणी न ढोसता ती आपली आपण वाढत जायची. संस्थेतले त्याचे सर इतके हरखले, की त्यांनी लगोलग निबंध पाठवला आणि जूनमध्ये गहिनीनाथनं रोमच्या परिषदेला जायचं ठरलं. पासपोर्टच्या फोटोसाठी त्यानं मित्राचा टायही बांधला होता. गुरुवारी यंत्रावर शेवटची पडताळणी तेवढी राहिली होती.

त्याचे आसाराममामा चाळीस वर्षं मारुतीच्या पारावर मेंढीकोट खेळत आले होते. जेवणाची वेळ, बायकोला दिलेला शब्द, असल्या गोष्टींबाबत मामांचा हात सैल होता. पत्त्यांच्या बाबतीत मात्र कडक सोवळं. पानं पिसायची ती त्यांनीच. दुसऱ्या कुणाच्या हाताचा त्यांना भरवसा नव्हता.

गहिनीनाथ विहिरीवरून अंघोळ करून आला, तेव्हा मामा ओट्यावर बसून ती कार्डं मन लावून पिसत होते.

"मामा, हे काय केलंत?" त्याला रडू फुटायचंच बाकी होतं.

"तुझी अब्रू राखली," मामा म्हणाले. "पानं वळीनं लावल्याली, वर कडंला तिरपी निळी रेघ. खुनंची पानं हायती ही. कुनी पाह्यलं असतं तर काय म्हनलं असतं?"

रेघ गहिनीनाथनंच ओढली होती. गठ्ठा विस्कटला तर तिच्यावरून परत लावता यावा, एवढ्यासाठी. हे ऐकून मामा ओशाळले. पण गप्प न बसता त्यांनी पारावरच्या गड्याला, नूरमहंमद शिंप्याला, बोलावून आणलं. दोघांनी रेघेवर नजर रोखून दुपारपर्यंत गठ्ठा लावला. गहिनीनाथ मध्ये मध्ये लुडबुडत होता, त्याच्या हातावर तिळाचे लाडू ठेवून त्याला बाजूला बसवलं.

"म्या पिसायच्या आदी तुजी रेघ एका जागी मोडली हुती," मामा गठ्ठ्यातल्या एका पानावर बोट ठेवून म्हणाले. "ह्ये पान धा-बारा पानं वर बसलं हुतं. आता बघ, कशी सुतात हाय."

गहिनीनाथनं नुसतं हूं केलं आणि एसटी गाठली.

गुरुवारी लाट आलीच नाही. यंत्रानं कागदाचं भेंडोळं ओकलं, त्यावर सगळं सपाट. घाम पुसता पुसता त्याला मामांचं बोलणं आठवलं. दिवाळीत होस्टेलच्या जिन्यात पेटी हातातून पडली होती, कार्डं त्यानं घाईघाईनं गोळा केली होती. आणि लाट सापडली ती दिवाळीनंतरच. त्यानं मामांनी दाखवलेलं कार्ड उपसून बारा जागा वर खोचलं आणि गठ्ठा पुन्हा यंत्रात घातला. लाट डौलात उभी राहिली. सूर्याचा बिचाऱ्याचा तिच्याशी काडीचा संबंध नव्हता.

सर त्यांच्या खोलीत वाट बघत होते. गहिनीनाथच्या हातात दोन कागद, एक सपाट, एक लाटेचा. भानगड त्याच्याशिवाय कुणाला कळणार नव्हती. आणि त्याला रोमला जायचं होतं, फार जायचं होतं. दारापर्यंत त्यानं लाटेचा कागद वर ठेवला. दारात पोचल्यावर त्याला मामा आठवले, त्यांचा भयंकर राग आला, आणि त्यानं खालचा कागद वर घेतला.

निबंध परत मागवावा लागला. सर महिनाभर त्याच्याशी बोलले नाहीत.

जूनमध्ये तो रोमऐवजी कर्जतला आला आणि पारावर बसून त्यानं घडलं ते सगळं सांगितलं.

"म्हंजी गप ऱ्हायला असतास तर गेला असतास?" नूरमहंमदनं विचारलं.

"गेलो असतो की."

मामांनी पत्त्यांचा जोड उचलून भाच्यापुढं धरला.

"पीस," ते म्हणाले.