काठी कुणी धरायची

नदीत आडवं पडलेलं झाड म्हणजे कचरा, असं पूल खात्याचं मत होतं. तिचं मत वेगळं होतं आणि ते भावनेतून आलेलं नव्हतं. नद्यांचा अभ्यास हा तिचा पेशा होता. ओंडक्याला वळसा घालताना पाणी एका बाजूला डोह खणतं. दुसऱ्या बाजूला ते मंदावतं आणि वाळू टाकतं. वाळूवर वाळुंजीची झुडपं उगवतात, त्यांची मुळं वाळूला धरून ठेवतात. डोहात मासे येतात आणि माशांच्या मागे ऊदमांजरं. यात चमत्कार नाही, वेगाचा हिशेब आहे.

मात्र पुलाच्या वरच्या अंगाला अडकलेल्या या एका ओंडक्याबाबत तिला स्वतःचा भरवसा नव्हता. त्याच्या सालीत तिच्या नवऱ्यानं ठोकलेला पितळी बिल्ला होता. लाकूड कुठं जाऊन थांबतं हे पाहण्यासाठी दोघं असे ओंडके सोडत आणि तो प्रत्येकावर पैज लावी. हा त्याचा शेवटचा. तो इथं अडकला त्याच वर्षी नवरा गेला.

यंदाच्या पुरानं ओंडक्याचा शेंडा वाळूतून सुटून पुलाच्या खांबाकडे वळला होता. पूल खात्यात या पुलाची जबाबदारी नणंदेकडे होती, आणि ती करवतवाल्याला घेऊनच आली होती.

“वहिनी, आढेवेढे नकोत. ठेवायचा की कापायचा?”

“मला विचारू नकोस. मला तो हवाय.”

“अगोबाई! शास्त्रज्ञबाईंनाही काही हवं असतं तर!”

“म्हणूनच म्हणते. तुझ्या भावाचा नियम विसरलीस? ज्याला उत्तर हवं असतं, त्यानं काठी धरायची नाही.”

खोली मोजायची काठी हाती असली की हवं ते उत्तर बोटभर जवळ येतं, असं तो म्हणे. स्वतःलाही तो हा नियम लावी.

“मग आण इकडे, मी धरते,” नणंद म्हणाली. काठीला हात घालून ती थांबली. “नाही गं. मलाही हवाय तो. माझ्यासमोर ठोकला होता बिल्ला.”

“म्हणजे दोघीही बाद.”

दोघींच्या नजरा करवतवाल्याकडे वळल्या. त्यानं तोंडातला घास गिळला. “मला काय बाई, लाकूड ते लाकूड.”

एवढा निःपक्ष माणूस तिला कुठल्या परिषदेत भेटला नव्हता.

तो कंबरभर पाण्यात उतरला आणि खांबाशी काठी रोवू लागला. काठी जात राहिली. शेवटी वर फक्त त्याची मूठ उरली.

“तळ लागत नाही!”

“पुन्हा बघा.”

“कितीदा बघू? तुमच्यासाठी वर येतोय का तळ?”

शेंड्यानं वळवलेली धार खांबाचा पाया उकरत होती.

“आता बुंध्याकडे,” ती म्हणाली.

तिथं काठी शिरेचना. वाळुंजीच्या मुळांनी वाळू शिवून टाकली होती.

“बुंधा राहू द्या, त्याच्याशिवाय ही वाळू टिकायची नाही. शेंडा कापा.”

“बिल्ला शेंड्याकडे आहे, वहिनी.”

“माहीत आहे.”

करवत थांबल्यावर नणंद पक्कड घेऊन आली. “काढून देते. घरी ठेव.”

तिनं हिरवट पडलेल्या पितळेवरून अंगठा फिरवला. घरी नवऱ्याचे रबरी बूट अजून दाराशीच होते. रोज त्यांना वळसा घालून ती आत जाई. “असू दे. बिल्ला काढला, तर हा तुकडा पुढं सापडल्यावर ओळखणार कसा?”

खाली समुद्रापर्यंत दुसरा पूल नव्हता. तिघांनी मिळून तो तुकडा पुलाच्या पलीकडे पाण्यात लोटला.

“कुठं अडकेल?” नणंदेनं विचारलं. मग हळूच, भावाच्या सुरात, “लावतेस पैज?”

“डाव्या वळणावर.”

“कशावरून?”

“तिथपर्यंत चालत जाता येतं.”

“हे काही कारण नव्हे हं.”

“नाही,” ती म्हणाली.

ओंडका स्वतःभोवती एकदा फिरला आणि मधल्या धारेला लागला. इथं आता तिला हवं असलेलं उत्तर उरलं नव्हतं; तिनं करवतवाल्याकडे हात पुढे केला आणि आपली काठी मागून घेतली.