एकही ओरखडा नाही

ज्या बाईंनी मला मागवलं त्यांच्या भाचीचं लग्न झालं, त्याच वर्षी मी या गावात आलो. लग्नाच्या आदल्या आठवड्यात. मित्रांनो, मी एक जुनं ऑक्सिजनचं मशीन आहे. खोलीतली हवा आत ओढायची, गाळायची आणि ज्याला श्वास पुरत नाही त्याच्या नाकाशी नळीनं पोचवायची, एवढंच मला येतं.

गाव फरशीच्या कारखान्यावर जगलं होतं. कारखाना बंद पडला, तरणी माणसं निघून गेली, त्यांच्या मागोमाग डॉक्टरही गेले. मागे राहिली ती छातीत दगडाची धूळ भरलेली माणसं. बाई शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांनी एका धर्मादाय संस्थेला अर्ज केला आणि संस्थेनं मला पाठवलं. सोबत पत्र होतं. वस्तू चांगल्या स्थितीत ठेवा, आमचं माणूस पाहणीला येईल, ती नीट झाली तर गावाला पगारी नर्सही देऊ.

त्या पत्रानंच मला कोंडलं.

बाईंचे थोरले भाऊ, म्हणजे दादा, तीस वर्षं फरश्या घासत होते. कारखान्याची एक रीत होती. तयार फरशीवर गिऱ्हाईक बघून जाईपर्यंत कुणी पाय ठेवायचा नाही. गावानं मलाही तीच रीत लावली. जुन्या कचेरीतल्या काचेच्या कपाटात मला प्लास्टिकसकट ठेवलं आणि कुलूप घातलं. किल्ली बाईंच्या कमरेला.

दादा रोज दुपारी समोरच्या बाकावर पेपर वाचत बसत. लेकीच्या, म्हणजे बाईंच्या त्या भाचीच्या, लग्नात ते स्वतः पाहुण्यांना पाणी देत फिरले होते. वर्षभरात दाराशी थांबून दम घेऊ लागले. पुढे पुढे बातमी अर्धीच वाचून पेपर मांडीवर टाकत. त्यांच्या छातीतली घरघर मला काचेआडून ऐकू येई. मी चार पावलांवर होतो आणि माझ्या तोंडावर प्लास्टिक होतं. कौतुक मात्र मोठं. कुणी पाहुणा आला की मला दाखवायचे, अगदी नवंकोरं ठेवलंय म्हणायचे. काच रोज पुसली जायची.

एकदा बाईंनी किल्ली काढली. दादांनी हात आडवा घातला.

"गिऱ्हाईक यायचंय अजून."

"दादा, ती फरशी होती. हा तुझा श्वास आहे."

"माझ्या एकट्यापायी गावाची नर्स घालवू नकोस. मास्तरीण झालीस तरी कारागिराची बहीण आहेस तू."

बाईंनी किल्ली परत खोचली. त्या दिवशी काच पुसायची राहिली.

सहा महिन्यांत येणारी पाहणी दोन वर्षांनी आली. आलेल्या मॅडमनी कपाट उघडायला लावलं आणि मी किती तास चाललो ते दाखवणारा आकडा पाहिला. शून्य.

एकही ओरखडा नाही, असं बाई मोठ्या अभिमानानं सांगत होत्या.

"अहो, आम्ही ओरखडेच बघायला येतो," मॅडम म्हणाल्या. "वापरलंच नाही, तर गावाला गरज नाही असं लिहावं लागेल मला."

मग बाकावरून खोकल्यात अडकलेलं हसू आलं.

"म्हणजे," दादा थांबत थांबत म्हणाले, "गिऱ्हाइकाला पायाखालची फरशी हवी होती तर."

मॅडमनी त्यांच्या निळसर नखांकडे पाहिलं आणि पेनला टोपण लावलं. तीन महिन्यांनी परत येते, म्हणाल्या.

त्याच संध्याकाळी मी दादांच्या खाटेशी घुमू लागलो. मोकळा झालो म्हणावं, तर आता आम्ही दोघंही नळीच्या लांबीएवढे बांधलेले. ती पोचेल तिथवरच त्यांचं घर. पण पेपर मात्र ते शेवटच्या पानापर्यंत वाचत. उंबऱ्यावर आपटून माझं एक चाक तुटलं. मॅडमनी ते पाहिलं, आकडा पाहिला, आणि गावात नर्स आली. तिच्या हातानं मी पुढे कितीतरी घरं फिरलो.

मित्रांनो, कुणी मायेनं काही दिलं तर त्याला झिजू द्या. माझ्या आकड्यात दादांचे सहा हजार तास आहेत. कपाटातल्या दोन वर्षांचे तास कुठेच नाहीत.

लेकीच्या लग्नाला तीन वर्षं आणि अकरा दिवस झाले, त्या सकाळी दादा वारले.