समोरच्याने उलटायचे घड्याळ

मला काटे नाहीत. किल्ली नाही, टोल नाही, आणि कानाशी धरलेत तरी टिकटिक ऐकू येणार नाही. वाचनालयाच्या मोठ्या कपाटावर, जुन्या नकाशांच्या गुंडाळ्यांशेजारी, लाकडाच्या तीन दांड्यांमध्ये काचेचे दोन फुगे दिसतात ना, ते मीच. वाळूचे घड्याळ. माझे वय झाले आहे, खालच्या बैठकीचा टवका उडाला आहे, आणि कपाट झाडणारे मामा माझ्यावरून फडका फिरवायला बरेचदा विसरतात. पण मित्रांनो, मला सगळे आठवते. माझ्यासारखीला दुसरे काम तरी काय उरले आहे?

गंमत बघा, माझ्या पोटात वाळू आहे आणि माझी काचही वाळूच वितळवून केलेली. काच फुंकणाऱ्या कारागिराने लांब नळीतून श्वास सोडला, मी फुगले, आणि मग त्याने चिमट्याने माझी कंबर आवळली. कंबर इतकी बारीक केली की वरच्या कणांनी कितीही घाई केली तरी खाली जाताना त्यांना रांगच लावावी लागते. वाळू चाळून, धुऊन, भाजून आत भरली. लाकूड कातणाऱ्याने दांड्या बसवल्या आणि मला टेबलावर ठेवून तो म्हणाला, "चला, हे आता कुणालाही गप्प बसवायला तयार."

त्याचे बोलणे खरे व्हायला पुष्कळ दिवस लागले. तोवर मी एका दुकानाच्या काचेच्या कपाटात होते. लोक मला उचलत, उलटे करत, "छान आहे" म्हणत आणि परत ठेवत. मग एके दिवशी मास्तर आले.

मास्तर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. अंगात बाह्या दुमडलेला शर्ट, खिशात दोन पेनं आणि त्यातले एक हमखास गळके. दुकानदाराने त्यांना आधीच सांगून टाकले, "मास्तर, हे वेळ सांगत नाही हं."

"वेळ सांगणारी घड्याळं पुष्कळ आहेत हो," मास्तर म्हणाले. "मला माणसांना थांबवणारं हवंय."

याच वाचनालयाच्या माडीवर मास्तरांचे चर्चामंडळ भरत असे. दर शनिवारी संध्याकाळी शेजारपाजारची माणसे जमत आणि गावाच्या प्रश्नांवर बोलत. भाजीचे भाव नगरपालिकेने ठरवून द्यावेत का? दुकाने कधी बंद ठेवायची हे दुकानदाराने ठरवावे की कायद्याने? वर्तमानपत्रात काहीही छापू द्यावे का? प्रश्न चांगले असत, पण सगळे एकदमच बोलत. सलूनवाले भाऊ म्हणायचे, "इथे चर्चा होते असं खालच्या लोकांना वाटतच नाही. त्यांना वाटतं, वर भांडी पडतायत."

म्हणून मास्तरांनी मला आणले आणि माझ्यासाठी एक नियम केला. जगातल्या सगळ्या वाळूच्या घड्याळांत तो बहुधा माझ्याच वाट्याला आला असेल. बोलणाऱ्याने आपले मत मांडण्याआधी समोरच्याचे मत सांगायचे. तेही असे, की समोरच्याने म्हटले पाहिजे, "हो, मला हेच म्हणायचं आहे." तसे वाटले की समोरच्याने स्वतःच्या हाताने मला उलटायचे. माझी वाळू पडू लागली की बोलणाऱ्याची वेळ सुरू. समोरच्याला पटेपर्यंत मी तशीच उभी, आणि बोलणाराही तसाच उभा. शिवाय शनिवार येण्याआधी दोघांनी एकमेकांच्या घरी जाऊन म्हणणे ऐकून यायचे, अशी पद्धत होती. चहा मिळेलच याची हमी नव्हती.

मास्तरांचे स्वतःचे मत ठाम होते. माणसाने कोणते काम करावे, काय विकावे, काय वाचावे, काय बोलावे हे त्याचे त्यानेच ठरवावे. सरकारला त्यात हात घालायचा असेल तर कारण सरकारने दाखवावे, असे ते म्हणत. सलूनवाल्या भाऊंना हे अर्धेच पटायचे. "मास्तर, मोकळीक आहे हो, पण ज्याच्या गाठीला काहीच नाही, त्याने निवडायचं तरी काय?" मग मास्तर उभे राहून भाऊंचे हेच म्हणणे इतके नीट मांडत की भाऊ मला उलटता उलटता म्हणत, "एवढं चांगलं तर मलाही सांगता आलं नसतं." विरुद्ध मताच्या माणसाला मास्तर मुद्दाम पंख्याखालची जागा देत. स्वतः घाम पुसत बसत.

ते माझे कौतुकाचे दिवस. आता त्यातलाच एक शनिवार सांगते.

वाचनालयाच्या मागच्या गल्लीत एक दुमजली घर होते. वर टेलरताई राहत. त्यांचे खरे नाव कुणी घेत नसे. गावातल्या निम्म्या लोकांच्या मापाच्या चुका त्यांनीच सांभाळून घेतल्या होत्या. खाली हळूकाका राहत. कचेरीतून निवृत्त झालेले, आणि येताजाता मुलांना "हळू, हळू! दार हळू लावा!" असे सांगणारे. त्यावरून ते नाव पडले. टेलरताईंनी शिलाई मशीनला मोटर बसवली आणि हळूकाकांच्या छतात दिवसभर घरघर सुरू झाली. काकांनी नगरपालिकेकडे तक्रार केली.

तक्रार एवढीच होती, की दुपारी आवाज नको. पण ती या टेबलावरून त्या टेबलावर जाता जाता फुगली. शेवटी नगरपालिकेने नवा नियमच पुढे आणला, "राहत्या घरात कोणताही व्यवसाय करता येणार नाही." म्हणजे टेलरताईंची शिलाई बंद. शिकवण्या घेणाऱ्या बाई बंद. दिवाणखान्यात चष्मे दुरुस्त करणारे आजोबाही बंद. महिनाअखेर नियम पक्का होणार होता, आणि त्याआधी चर्चामंडळाचे मत काय ते कळवा, असा निरोप नगरपालिकेने मास्तरांना पाठवला होता.

तो शनिवार टेलरताईंच्या कामाचा फैसला करणारा होता. माडी गच्च भरली. टेबलाच्या एका बाजूला टेलरताई, दुसऱ्या बाजूला हळूकाका, मधे मी.

टेलरताई उभ्या राहिल्या त्या सुरू होऊनच. "मी कुणाचं काय घोडं मारलंय? माझं घर, माझं मशीन..."

"आधी त्यांचं," मास्तर हळूच म्हणाले.

"त्यांचं काय सांगायचं? त्यांना आवाज खपत नाही."

हळूकाकांनी हात मांडीवरून उचललाही नाही. "बाई, हे माझं म्हणणं नाही."

"बरं. गावात शिस्त हवी, असं त्यांचं म्हणणं आहे."

"तेही नाही."

मागून भाऊंचा आवाज आला, "ताई, माप चुकलं. पुन्हा घ्या." लोक हसले. टेलरताई हसल्या नाहीत. पद्धतीप्रमाणे त्या काकांकडे खाली जाऊन आल्या होत्या, आणि तिथे पाहिलेले सांगायचे त्या टाळत होत्या, हे त्यांच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसत होते. ते सांगितले असते तर आपलीच बाजू लंगडी पडली असती ना! शेवटी त्यांनी माझ्याकडे बघत बोलायला सुरुवात केली.

"काकू आजारी आहेत. रात्री त्यांना झोप येत नाही. दुपारी जेमतेम डोळा लागतो. तेवढा वेळ काका घरात अनवाणी चालतात. औषध ढवळताना पेल्यात चमचासुद्धा वाजू देत नाहीत. मी तिथे बसले असताना काकूंचा डोळा लागला, आणि वर भेटायला आलेल्या माझ्या नणंदेने मशीन सुरू केलं. काकू दचकून उठल्या. काका मला काहीच बोलले नाहीत. नुसते वर छताकडे बघत राहिले."

हळूकाकांनी हात पुढे केला आणि मला उलटले. "हेच," ते म्हणाले. "मला हेच म्हणायचं होतं."

मग टेलरताईंनी आपली बाजू मांडली खरी, पण त्यांच्या बोलण्यातला जोर गेला होता. माझी वाळू संपायच्या आत त्या खाली बसल्या.

आता काकांची पाळी. त्यांनी चष्मा पुसला.

"मी वर गेलो होतो. इतकी वर्षं झाली, मी तो जिना कधी चढलोच नव्हतो. आतल्या खोलीत हिचे सासरे अंथरुणाला खिळलेले आहेत. मशीन अशा जागी ठेवलंय की शिवता शिवता मान वळवली की ते दिसतात. बाजारात दुकान टाक म्हणून सांगणं सोपं आहे. मग त्यांच्या तोंडात पाणी कोण घालणार? आणि दुसरं. ही कुणाच्या हाताखाली नाही. कधी बसायचं, काय शिवायचं, कुणाला 'जमणार नाही' म्हणायचं, हे तिचं ती ठरवते. हा नियम आला तर ते ठरवणं नगरपालिकेकडे जाईल. नगरपालिकेला तिचे सासरे दिसत नाहीत."

टेलरताईंनी डोळ्यांना पदर लावला आणि दुसऱ्या हाताने मला उलटले.

आता काकांनी स्वतःची बाजू मांडायची होती. वाळू पडू लागली. काका उभे होते. त्यांनी तोंड उघडले, मिटले. सगळे वाट बघत होते. वाळू पडत राहिली आणि काका एक शब्दही बोलले नाहीत. माझा शेवटचा कण खाली आला तेव्हा ते म्हणाले, "माझं झालं," आणि बसले.

मत घ्यायची तिथली रीत साधी होती. नियम हवा म्हणणाऱ्यांनी खिडकीकडे जायचे, नको म्हणणाऱ्यांनी भिंतीकडे. लोक उठले. टेलरताई खिडकीकडे निघाल्या. हळूकाका भिंतीकडे निघाले. आणि दोघे बरोबर माझ्यासमोर एकमेकांना आडवे आले.

"काका, तुम्ही तिकडे कुठे?"

"तू इकडे कुठे निघालीस? तुझी बाजू भिंतीकडे आहे."

"काकूंना झोप नको का? मी बघेन काहीतरी दुसरं."

"काही बघायचं नाही. सासऱ्यांना सोडून जाणार आहेस कुठे?"

"अहो पण तक्रार तुमचीच आहे ना!"

"माझी तक्रार आहे, मी तिचं काय वाटेल ते करीन!"

सलूनवाले भाऊ बाकावर चढून ओरडले, "त्यापेक्षा घरंच बदलून घ्या की!" मग जो हशा उसळला, त्यात कोण खिडकीकडे आणि कोण भिंतीकडे याचा पार गोंधळ झाला. मास्तर डोक्याला हात लावून बसले. "आता मी नगरपालिकेला कळवू तरी काय? वर्षानुवर्षं एकमेकांचं ऐका म्हणून सांगतोय, आणि आज खरंच ऐकलं तर मतच घेता येईना!"

"काही कळवू नका," हळूकाका म्हणाले. "आम्ही दोघंच जाऊन सांगतो. चल पोरी."

सोमवारी दोघे नगरपालिकेत गेले. तक्रार करणारा आणि जिच्याविरुद्ध तक्रार ती, दोघे एकच मागणी घेऊन आलेले बघून साहेब म्हणे तीनतीनदा विचारत होते, "नक्की कुणाचं भांडण आहे?" बरीच खळखळ झाली, पुन्हा पुन्हा जावे लागले. पण नियम बदलला. घरात कुणी काय काम करावे यावर बंदी राहिली नाही. शेजाऱ्याला सोसवणार नाही असा आवाज, धूर, घाण तेवढी नको, असे ठरले. मास्तरांनी तो मजकूर माडीवर मोठ्याने वाचला आणि म्हणाले, "नियम हवाच. पण तो जिथे दुसऱ्याला लागतं तिथे असावा."

आवाजाचे त्या दोघांनी आपसातच मिटवले. मशीनच्या पायांखाली जाड रबर आले. दुपारी मोटर बंद, आणि टेलरताई तेवढा वेळ हातशिलाई करत. पुढे काकूंना बरे वाटल्यावर त्याही वर जाऊन काजे करायला बसू लागल्या. मग हळूकाका खालून विचारायचे, "अगं, वर एवढं हसताय काय? हळू!"

ते दिवस गेले, मित्रांनो. मास्तर गेले. भाऊंचे सलून मुलाने दुसरीकडे नेले. माडीवर माइक आला, आणि वेळ संपली की वाजणारी विजेची घंटा आली. घंटा छान आहे, वक्तशीर आहे. पण तिला समोरचा माणूस लागत नाही. बोलणारे येतात, आपले बोलतात, घंटा वाजली की उतरतात आणि टाळ्या वाजवणारे लोकही आपले आपणच सोबत आणतात. खाली उभ्या असलेल्यांना पुन्हा वाटत असेल, वर भांडी पडतायत. मला कुणीतरी कपाटावर आडवे ठेवून दिले. आडव्या घड्याळातली वाळू निम्मी इकडे, निम्मी तिकडे पडून राहते. कितीतरी वर्षे मी तशीच होते.

गेल्या आठवड्यात टेलरताई आल्या. केस पांढरे झाले आहेत, पण दुसऱ्याच्या शर्टाची कॉलर वाकडी दिसली की अजून हात शिवशिवतात. सोबत दोन नाती होत्या. थोरलीला पंखा हवा होता, धाकटीला नको होता. बटण चालू, बटण बंद, चालू, बंद. ग्रंथपालबाईंनी डोळे वटारले. टेलरताईंनी आधी वर कपाटाकडे पाहिले, मग मामांना सांगून मला खाली काढवले, पदराने पुसले आणि टेबलावर दोघींच्या मधे उभे केले.

"आधी तिचं सांग," त्या थोरलीला म्हणाल्या.

"तिला उगाच हट्ट करायचा असतो."

धाकटीने हाताची घडी घातली. मी उभीच राहिले.

"तिला... थंडी वाजते."

"नाही!"

थोरलीने जरा वेळ धाकटीकडे नीट पाहिले. "पंख्याने तिच्या पुस्तकाची पानं उडतात. आणि ती अजून बोट ठेवून वाचते, म्हणून ओळ हरवते. आणि ते कुणाला सांगायची तिला लाज वाटते."

मित्रांनो, तुमच्या वर्गात, घरात, खेळाच्या मैदानावर वाद होणारच. व्हायलाच हवेत. सगळ्यांचे मत एक झाले तर माझ्यासारखीला कोण विचारतो? आपले मत सोडूही नका. फक्त ते मांडण्याआधी समोरच्याचे त्याला पटेल असे सांगून बघा. घड्याळ नसले तरी चालेल. आणि जुनी वस्तू कपाटावर ठेवाल तेव्हा निदान उभी तरी ठेवा.

पंख्याचे पुढे काय ठरले, म्हणता? ते मला सांगता येणार नाही, कारण तेव्हा माझे लक्ष दुसरीकडे होते. धाकटीने हाताची घडी सोडली होती, आणि तिची दोन इवली, शाईने माखलेली बोटे माझ्या दांडीला लागली होती.