वेळ आलेला उमेदवार

वॉल्टर प्रूसिक वारला तेव्हा निवडणुकीला महिना उरला होता, आणि पक्षाच्या मते उमेदवाराची स्थिती पहिल्यांदाच सुधारली होती.

दफन आटोपून सगळे चर्चच्या तळघरात जेवायला उतरले. हॅम, बटाट्याचं सॅलड, कोबी घातलेल्या नूडल्स. रेनाटा होल्युबेक ताटली हातात धरून उभी होती, पण खात नव्हती. ती काउंटीच्या इस्पितळात बाळंतपणाच्या विभागात नर्स होती. तो विभाग वर्षअखेर बंद करायचा घाट काउंटी मंडळानं घातला होता. मग कळा सुरू झालेल्या बाईनं डोंगरापलीकडे तासभर गाडीतून जायचं. मंडळावरची एक जागा फिरली असती तर विभाग वाचला असता. म्हणून रेनाटानं उमेदवारी मागितली होती. पक्षाच्या अध्यक्षा डोलोरेस फिंच यांनी तिचा हात हातात घेऊन सांगितलं होतं, "अगं, तुझी वेळ अजून आली नाही." मागच्या खेपेलाही हेच सांगितलं होतं, हातही असाच धरला होता. उमेदवारी वॉल्टरला मिळाली. तो निवडणुकीत तीनदा पडलेला होता, म्हणजे अनुभवी.

आता वॉल्टरची वेळ आली होती. रेनाटानं डोलोरेसना कॉफीच्या पिंपापाशी गाठलं.

"नाव बदलायला शुक्रवारपर्यंत मुदत आहे. माझं घाला."

"आज हे बोलायचं? त्याच्यावरची माती अजून ओली आहे, रेनाटा."

"शनिवारी वाळेल. तेव्हा मुदत संपलेली असेल."

डोलोरेसनी कप खाली ठेवला. "खरं सांगू? बातमी आल्यापासून मतदारांचा कल त्याच्याकडे वळलाय."

"तो मेलाय, डोलोरेस."

"ते लोकांना ठाऊक आहे. तरी वळलाय. तुझं नाव टाकलं तर म्हणतील, ही टोकाची आहे."

"बाळंतपण टोकाचं झालं?"

"मधल्या मतदाराला दचकवायचं नसतं, बाळ. वॉल्टर कुणालाच दचकवणार नाही."

हे मात्र खरं होतं.

समिती तिथंच बसली. जाहीर वादसभेत वॉल्टर चुकीचं काही बोलून बसणार नाही, हाही मुद्दा कुणीतरी मांडला, आणि माना डोलल्या. काट्या-चमच्यांसकट हात वर झाले. विरोधात दोनच हात होते. एक रेनाटाचा, दुसरा वॉल्टरच्या बायकोचा, ॲग्नेसचा. तीही समितीची सभासद होती.

"आता तरी सोडा त्याला," ॲग्नेस म्हणाली.

तिचं मत भावनेच्या भरात दिलेलं म्हणून धरलं नाही.

त्या दिवशी घरी जाताना रेनाटानं मनातल्या मनात पक्ष सोडला. आठवड्याअखेर, मृत माणसाची पत्रकं काखेत मारून, ती दारं वाजवत होती. दुसरं करणार काय? समोरचा पक्ष निवडून आला तर विभाग बंद होणार हे ठरलेलंच होतं.

एका दारात पोटुशी मुलगी आली. पत्रक बघून म्हणाली, "हे तर वारले ना?"

"हो."

"मग बाळंतपणाच्या विभागाबद्दल यांचं म्हणणं काय?"

रेनाटानं फोटोकडे पाहिलं. हयातीत वॉल्टर सगळ्याच प्रश्नांना 'विचार करायला हवा' म्हणायचा. आता फोटोत तो नुसता हसत होता, हरकत घेत नव्हता.

"बंद करायला त्यांचा ठाम विरोध आहे," रेनाटा म्हणाली.

आभाळ कोसळलं नाही. पुढच्या दारात वॉल्टर घरभाड्याला लगाम घालायच्या बाजूचा निघाला. त्याच्या पुढच्या दारात त्यानं गोदामातल्या कामगारांची संघटना उचलून धरली. पंधरवड्यात तो राज्यातला सगळ्यात पुरोगामी उमेदवार झाला, आणि दिलेला शब्द त्यानं एकदाही मागे घेतला नाही.

डोलोरेसचा फोन आला. "हे सगळं बोलायला तुला सांगितलं कुणी?"

"उमेदवाराची तक्रार आहे का?"

डोलोरेसनी फोन ठेवला.

वॉल्टर पडला, पण आजवरच्या सगळ्यांत थोड्या मतांनी. चिंतनाची बैठक त्याच तळघरात झाली. या वेळी डोनट होते. डोलोरेसनी निदान केलं, "उमेदवार फार डावीकडे झुकला." जरा थांबून म्हणाल्या, "मात्र पुढच्या खेपेचा विचार करता, त्याचं नाव आता घराघरांत पोचलंय."

रेनाटा कुणीतरी हसेल म्हणून वाट बघत राहिली. कुणीतरी अनुमोदन दिलं.

ती उठली, कोट घातला आणि बाहेर पडली. या वेळी खरोखर.

वर्षअखेर विभाग बंद झाला. जानेवारीत एक बाळ डोंगराच्या वळणावर रुग्णवाहिकेत जन्मलं आणि तिथंच गेलं. आई म्हणजे तीच दारातली पोटुशी मुलगी. ही बातमी रेनाटाला दुकानात रांगेत उभी असताना कळली. तिनं हातातलं दूध परत फडताळात ठेवलं आणि गाडी घेऊन निघाली. कुठं ते तिलाही ठाऊक नव्हतं. थांबली ती दफनभूमीशी.

ॲग्नेस तिथं बर्फ झाडत होती. कबरीचा दगड अजून घडून आला नव्हता. त्याच्या जागी प्रचाराची पाटी रोवलेली होती. 'प्रूसिक. विश्वासाचं नाव.'

रेनाटानं बाळाचं सांगितलं. ॲग्नेस झाडायची थांबली.

"तू दारोदार जे बोलत होतीस ना," ती म्हणाली, "ते तरुणपणी तो खरंच बोलायचा. पोलाद कारखान्याच्या फाटकाशी, पिंपावर उभा राहून. मग पक्षानं सांगितलं, थांब. तुझी वेळ अजून आली नाही."

"मलाही तेच सांगतात, मिसेस प्रूसिक."

ॲग्नेसनं झाडूच्या दांड्यानं आजूबाजूच्या कबरी दाखवल्या. "वेळ आलेले सगळे इथं आहेत. बघून घे."

मग तिनं वाकून पाटी उपटली. माती गोठलेली होती, दोघींनी मिळून ओढावी लागली. ॲग्नेसनं ती उलटी करून बाहीनं पुसली. मागची बाजू कोरी होती.

"घे," ती म्हणाली. "वॉल्टरची हरकत नाही."