ताईचं विसरणं

“गोळ्या घ्यायच्या विसरले हो मी,” ताईने डॉक्टरीणबाईंना सांगितले आणि पलंगाशी उभ्या असलेल्या धाकट्या बहिणीकडे बघायचे टाळले.

ताई काहीही विसरली नव्हती.

ताई शिवणकाम करायची. थायरॉइडची ग्रंथी भलत्याच जोरात काम करू लागली, तसे तिचे हात थरथरायला लागले. सुईत दोरा जाईना. डॉक्टरीणबाईंच्या गोळ्यांनी हात स्थिरावले, पण अंगाला खाज सुटली. धाकटी औषधांच्या दुकानात काउंटरवर असायची. तिथे कंपनीचा माणूस नुकताच अँटिऑक्सिडंटच्या कॅप्सूल ठेवून गेला होता. या आजाराचे मूळ पेशींना इजा करणाऱ्या फ्री रॅडिकल्समध्ये आहे आणि या कॅप्सूल त्यांना आवरतात, हे त्याचे म्हणणे तिला मनापासून पटले. गिऱ्हाइकांना तेच सांगून सांगून आपण अर्ध्या डॉक्टर झालो, असे तिला वाटू लागले होते. तिने ताईच्या गोळ्या बंद करून कॅप्सूल सुरू केल्या. डॉक्टरांना विचारून घेऊ का, असे ताई एकदाच म्हणाली. त्यांना कुठे वेळ असतो, म्हणत धाकटीने विषय झटकला. ताईने ऐकले. धाकटीच्या हुशारीचे तिला लहानपणापासून कोण कौतुक.

आज सकाळी मशीनवर बसल्या बसल्या ताईची छाती धडधडू लागली, श्वास पुरेना. तिला दवाखान्यात दाखल करावे लागले.

“ती विसरली नाही,” धाकटी म्हणाली. “मी बंद करायला सांगितल्या. त्याऐवजी कॅप्सूल दिल्या.”

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, हेच तिला जास्त लागले. त्यांनी शांतपणे समजावले. ग्रंथी अशी जोरात चालली की पेशींत फ्री रॅडिकल्स वाढतात, त्यांना आवरणारी शरीराची स्वतःची ताकद कमी पडते, हे खरेच. पण कॅप्सूलने ग्रंथी ताळ्यावर येत नाही. त्याला गोळ्याच लागतात. खाजेवर उपाय होता, कोणी विचारलेच नाही. आता हृदयाचे ठोके चुकताहेत. ते पूर्ववत होतील का, आजच सांगता येणार नाही.

त्या गेल्यावर ताई पुटपुटली, “कशाला बोललीस? माझ्या विसरण्यावर निभावलं असतं की.”

धाकटी पलंगाशी तशीच उभी राहिली.

हाताला लावलेली सलाइनची नळी सांभाळत ताई कडेला सरकली. वीतभर जागा झाली. “किती वेळ उभी राहशील? बस.”

धाकटी बसली, पण अंग चोरून, पलंगावर आपला भार पडू नये अशी.