आठ फूट डक्ट

मी एका घराच्या गच्चीवर पाणी तापवायचं यंत्र बसवत होतो, तेव्हा मेहुणीचा फोन आला. "दाजी, ताई इस्त्री करता करता पडली. लवकर या." मी पोचलो तेव्हा सगळं संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, उष्माघात. डोक्यावर छप्पर असताना उष्माघात.

मी फिटर आहे. बायको ज्या लाँड्रीत कामाला होती, तिथला तेलावरचा बॉयलर काढून विजेचा हीट पंप मीच बसवला होता. तो हवेतली उष्णता ओढून पाणी तापवतो आणि गार झालेली हवा दुसऱ्या तोंडाने बाहेर सोडतो. वीज छपरावरच्या सोलरची. धूर नाही, काजळी नाही. यंत्राला मी नावं ठेवणार नाही.

पण नकाशात गार हवेचं तोंड मागच्या बोळाकडे होतं. मी तसंच लावलं. शेजारच्याच भिंतीआड इस्त्रीची खोली. बारा टेबलं, बारा बायका, वरून पत्रा.

जेवताना बायको म्हणाली होती, "अहो, बोळातली कुत्री तुमच्या यंत्रापुढे तंगड्या पसरून झोपतात. त्यांना गार वारा आणि आम्हाला वाफ होय?"

"नकाशात तसंच आहे."

"नकाशाला घाम येतो का?"

मी हसलो. म्हणालो, "कामावर साहेबांची सही होऊ दे, मग तोंड वळवतो." आम्हा फिटर लोकांची ही खोडच आहे. सही होईपर्यंत नकाशाबाहेर एक स्क्रू पिळायचा नाही. सही झाली. मला दुसरं काम लागलं. तिने आणखी दोनदा आठवण करून दिली, मग सोडून दिलं.

ती गेल्यावर पंधरा दिवसांनी गार हवा इस्त्रीच्या खोलीत वळवायला आठ फूट डक्ट, म्हणजे पत्र्याचं नळकांडं, खांद्यावर टाकून मी लाँड्रीत गेलो. दोन तासांचं काम.

मॅनेजर म्हणाला, "तुमचं दुःख समजतं मला. पण भिंत फोडायला वरून परवानगी लागते."

"तुमच्या केबिनचा एसी बसवताना भिंत मीच फोडली होती. तेव्हा वर कोणाला विचारलंत?"

"तो विषय वेगळा."

"वेगळा कसा? ती भिंत काय कागदाची होती?"

"आवाज खाली. अर्ज द्या."

अर्ज दिला. उत्तर नाही. दीड महिन्याने फाटकावर 'धूरमुक्त लाँड्री' असा फलक लागला आणि तो बघायला गाड्या भरून पाहुणे आले. मला मुद्दाम बोलावलं. मॅनेजर सगळ्यांसमोर गोड आवाजात म्हणाला, "यंत्र यांनीच बसवलं. या ना, फोटोत या."

मी म्हणालो, "आधी पाहुण्यांना इस्त्रीच्या खोलीत दहा मिनिटं उभं करा. माझी बायको तिथेच मेली. मग फोटो काढू."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. एक बाई रुमालाने मान पुसत खोलीच्या दारापर्यंत गेली आणि तिथूनच परत फिरली. फोटो माझ्याशिवाय निघाला. दुसऱ्या दिवसापासून पहारेकऱ्याने मला फाटकात अडवलं. "वरून सांगितलंय, दादा," एवढंच म्हणाला. हे वरून मात्र एका रात्रीत आलं.

मेहुणी आता ताईच्या टेबलावर असते. संध्याकाळी घरी येते, ओला टॉवेल डोक्यावर घेऊन बसते आणि विचारते, "दाजी, अर्जाचं काही कळलं का?"

डक्ट माझ्या दाराआड उभं आहे. भिंतीला भोक अजून पाडलेलं नाही. गार हवा बोळात जाते.