खारफुटीतलं चॅपल

सोमवारी दुपारी ओहोटी लागली की पुन्ता बालोदचं निम्मं गाव खारफुटीच्या चिखलात उभं असायचं. एका हातात रिकामी बाटली, दुसऱ्या हातात मोबाइल. बाटली तिथलं पाणी औषध म्हणून भरून न्यायला आणि मोबाइल चमत्कार बघायला. कारण जिथे चिखल आणि खेकड्यांशिवाय काही नाही, तिथे मोबाइलच्या नकाशावर ठळक क्रूस दिसत होता आणि त्याखाली लिहिलं होतं, 'चॅपल'.

मधोमध उलट्या बादलीवर एल्पिडिओ उभा. हा आमचा झाडपाला देणारा वैदू. वयाने थोर म्हणून सगळे त्याला मनोंग म्हणतात.

"हा नकाशा वरून दाखवणाऱ्या उपग्रहाला मतं मागायचीत का?" त्याने विचारलं.

"नाही," लोक म्हणाले.

"त्याला कोंबडी हवी आहे का, तांदूळ हवेत का?"

"नाही."

"मग तो खोटं कशाला दाखवील? आपले डोळे पापाने मळलेत, म्हणून आपल्याला चॅपल दिसत नाही. त्याचे स्वच्छ आहेत. नास्तिकांनी शनिवारी ते पुसलं. सोमवारी पुन्हा उभं! तिसऱ्या दिवशी कोण उठतो, ते मी तुम्हाला सांगायला नको."

लोकांनी छातीवर क्रूस काढला.

ते नास्तिक म्हणजे मी. इथल्या शाळेत विज्ञान शिकवते आणि उरलेल्या वेळात तो नकाशा सुधारते. तो कुणा कंपनीचा नाही. कुणीही भर घालावी, कुणीही दुरुस्त करावा, असा सगळ्यांचा. मोठ्या वादळानंतर मदतीच्या बोटी भलत्याच किनाऱ्याला लागल्या होत्या. तेव्हापासून मी पायी फिरून गावातलं घर न् घर त्यात बसवलं. मग कुणीतरी कुठली तरी सरकारी यादी एका दमात त्यात ओतली आणि माझ्या गावावर दुसरं गाव येऊन पडलं. खाडीत शाळा, समुद्रात बास्केटबॉलचं मैदान, खारफुटीत चॅपल. दर शनिवारी मी ते निस्तरायचे आणि सोमवारी सगळं परत हजर. असा ढीग ओतण्याआधी त्या जागी राहणाऱ्यांना विचारायचं, असा या कामातला रिवाज आहे. मला कुणी विचारलं नव्हतं. ओतणाऱ्याला लिहून लिहून माझी बोटं झिजली होती, आणि खरं सांगते, त्या दुपारी एल्पिडिओशी वाद घालायचं त्राण माझ्यात नव्हतं.

मी गेले ती आयलीनसाठी. माझी जुनी विद्यार्थिनी. तिची लेक त्रिशा तीन-चार दिवस तापाने फणफणत होती आणि आता तिच्या हातांवर लाल ठिपके उठले होते. हे डेंग्यूचं लक्षण आमच्या बेटावर कुणालाही कळतं. आणि आयलीन पोरीच्या ओठांना त्या खाऱ्या, गढूळ पाण्याची बाटली लावत होती.

"आयलीन, बोट थोड्या वेळात सुटेल. पलीकडच्या दवाखान्यात जाऊ. चल."

"थोरल्याला नेलं होतं ना दवाखान्यात, बाई. परत आला का तो?"

"उशिरा नेलं होतंस," मी म्हणाले, आणि जीभ चावली.

तिने बाटली खाली घेतली. "तुम्ही ते चॅपल पुसता म्हणे. खरं?"

"हो."

"मग परत कोण आणतं? तेवढं दाखवा. आत्ता निघते."

नशीब एवढंच, की त्याच सकाळी ओतणाऱ्याचं उत्तर आलं होतं. मनिलाचा दारियो नावाचा मुलगा. सोबत नंबर दिला होता. मी तिथेच फोन लावला आणि आवाज मोठा केला.

"मॅडम, ती यादी दर रविवारी मशीन आपोआप तपासतं," तो म्हणाला. "नकाशात जे सापडत नाही, ते परत घालतं. तुमचे निरोप मी आजच वाचले. तुम्ही पुसत होतात होय? मला वाटलं, काहीतरी बिघाड आहे."

"आणि सगळ्याच जागा चुकलेल्या कशा?"

"यादी जुन्या मोजणीची आहे. तेव्हा मोजायची सुरुवातच वेगळ्या खुणेपासून करायचे. आजच्या नकाशात घालताना सगळं सारखं सरकवून घ्यावं लागतं. ते... राहिलंच."

"तू कधी आमच्याकडे आलायस?"

"नाही, मॅडम. फोटो बघितलेत. छान आहे."

एल्पिडिओ बादलीवरून उतरला नाही. "मशीन त्या पोराचं, मर्जी वरच्याची!"

"मनोंग, या यादीने समुद्रात बास्केटबॉलचं मैदानही घातलंय. तीही वरच्याचीच मर्जी?"

"असेल."

"खेळतं कोण?" मागून एका कोळ्याने विचारलं. "बांगडे?"

"आणि शिट्टी मनोंग फुंकणार," दुसरा म्हणाला. लोक हसले. एल्पिडिओही हसला, मुरलेला गडी आहे तो. आयलीन हसली नाही.

मी तिला मोबाइलवर अंतर मोजून दाखवलं. मैदान आपल्या खऱ्या जागेपासून जितकं समुद्राकडे सरकलं होतं, शाळाही तितकीच आणि त्याच दिशेला सरकली होती. "आता इथून तितकंच उलट चालू या," मी म्हणाले. "जिथे पोचू, तिथे हे चॅपल."

आयलीनने पोरीला खांद्यावर घेतलं. तिच्यामागे बाटल्या घेतलेलं सगळं गाव. चिखलातून वर, वाळत घातलेल्या जाळ्यांच्या कडेने, डुकरांच्या गोठ्यामागून. अंतर भरलं तेव्हा आम्ही गावाच्याच चॅपलच्या पायरीशी उभे होतो. तेच पत्र्याचं छप्पर, वादळात वाकलेला तोच क्रूस.

"अगं बाई," म्हातारी कोर्निंग म्हणाली, "हे तर मी रोज झाडते."

आयलीनने बाटली पायरीवर ओतली आणि धक्क्याकडे निघाली. मीही तिच्याबरोबर बोटीत बसले.

त्रिशा वाचली. आणखी एक दिवस गेला असता तर सांगता आलं नसतं, असं डॉक्टर म्हणाल्या. दारियोने मशीन थांबवलं. यादी ओळीओळीने तपासायचं काम आता आम्ही दोघं करतो आणि ते काही लवकर संपायचं नाही. एल्पिडिओ सांगत फिरतो, की अश्रद्धेमुळे चॅपल रुसून गेलं. काहीजण मान डोलावतात. मी आता चिडतही नाही.

बोटीत आयलीनने विचारलं होतं, "बाई, तुमचा फोन लागला नसता तर?" त्याचं उत्तर मला अजून छळतं. कारण फोनची गरजच नव्हती. खरं चॅपल हाकेच्या अंतरावर होतं, आणि दोन्ही जागा ठाऊक असलेल्या माझ्या गावाला एवढं चालून बघावंसं वाटलं नाही.

म्हणून सांगते. उपग्रह असो, मशीन असो, मनोंग असो, नाहीतर मी असो. कुणी काही दाखवलं तर ते तिथे कुणी मांडलं आणि त्याने स्वतः पाहिलंय का, हे विचारा. मग आपल्या पायांनी जाऊन बघा. आणि लेकराला ताप असेल तर हेही विचारत बसू नका. आधी बोट गाठा.